बाई एकट्या आत या

आजऱ्याहून आलेली जीप राजारामपुरीतल्या स्कॅन सेंटरसमोर थांबली. गणपतरावांनी आधी पिशवी उतरवली, मग सुनेला हात दिला. सून अक्षता, लग्नाचा हिरवा चुडा अजून हातात, आणि चेहरा उन्हात विसरलेल्या अळूच्या पानासारखा. कितीतरी दिवस पोटात अन्न ठरत नव्हतं, पाणी प्यायलं तरी उलटी. मागून सासू धोंडुबाई पदर सावरत उतरली.

आजऱ्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. तिच्यावर एकच ओळ, पोटाचा सीटी स्कॅन. का, ते नाही. कसली शंका, तेही नाही.

सेंटरमध्ये स्कॅन बघणारी डॉक्टर होती संघप्रिया. तिनं चिठ्ठी उलटून पाहिली. मागची बाजू कोरी. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

गेल्याच वर्षी, दोन हजार तीन साली, तिनं विलायतेतल्या तज्ज्ञांच्या पुस्तकावरून साध्या मराठीत एक पान तयार केलं होतं. कुठल्या दुखण्याला कुठला फोटो, आणि कुठल्या दुखण्याला फोटोच नको. फोटो काढून औषधात काय बदलणार, हे सांगता येत नसेल तर मागू नका. वयातली बाई असेल तर आधी दिवसांचं विचारा. एवढंच. जिल्हाभरच्या डॉक्टरांना तिनं ते पान पाठवलं, एक भिंतीवरही डकवलं. आजऱ्याच्या डॉक्टरांनी फोनवर हसत सांगितलं होतं, "तुमचा कागद लई कामाचा हाय, म्याडम. चहाचा कप ठेवायला."

"दिवस गेल्यात का हिला? विचारलं का?" तिनं मशीन चालवणाऱ्या आकारामला विचारलं.

"विचारलं की. न्हाय म्हणाली."

"कुठं विचारलंस?"

"हितंच. बाकड्यावर."

"सासऱ्यासमोर?"

संघप्रियाला वाटलं, टेबलावर हात आपटावा. अरे, सासऱ्यासमोर जी पोरगी पदराबाहेर बोटही काढत नाही, ती पोटातलं सांगेल?

अक्षताच्या हातात औषध कालवलेल्या पाण्याची बाटली होती. स्कॅनच्या आधी प्यायची. तिनं एक घोट घेतला आणि बेसिनकडं धावली.

"स्कॅन आत्ता होणार नाही," संघप्रिया म्हणाली. "मला आधी हिच्याशी बोलायचंय."

गणपतराव उठले. आवाज गल्लीपर्यंत जाईल असा. "का हुणार न्हाय? पहाटेपास्नं निघालोय आमी! माझ्या भावाच्या, केरबाच्या पोटात गाठ निघाली, त्यालाबी असंच वकाऱ्या हुत्या. फोटो लवकर काढला असता तर जिता असता. तुमास्नी जमत न्हाय म्हणा, समोर दुसरं सेंटर हाय. चल गं पोरी!"

ते रागावले नव्हते, घाबरले होते. भावाला खांदा दिलेला माणूस. पण समोरच्या सेंटरात कुणी काही विचारत नाही, हे संघप्रियाला ठाऊक होतं. रस्ता ओलांडला की पोरगी मशीनमध्ये.

आतल्या दारातून डॉक्टर विजयसिंह आले. सेंटर त्यांचं. "काय झालं?" आणि मग तिच्या कानाशी, "करून टाक ना. आजऱ्याकडचे अर्धे पेशंट तो डॉक्टरच पाठवतो. तो चिठ्ठी लिहितो, आपण फोटो काढतो. एवढं सरळ आहे."

"सरळ तुम्हाला. तिला नाही."

ती वळली आणि आवाज खाली आणला. "काका, फोटो लागला तर मी स्वतः काढीन, शब्द देते. तोवर बाहेर चहा पिऊन या. अन् मावशी, तुम्ही पण."

"मी का?" धोंडुबाई फणकारली. "मी बाईच हाय की!"

"सासू हाय," संघप्रिया म्हणाली.

धोंडुबाईनं तिच्याकडं रोखून पाहिलं. मग काय आठवलं कोण जाणे, तोंडाला पदर लावून खुदकन हसली. "व्हय बया. चला वो, च्या प्यायला."

दार लागलं. अक्षता खुर्चीच्या काठावर टेकली. संघप्रियानं लगेच विचारलं नाही. तिला तिची आई बायडाबाई आठवली, जात्यावर बसलेली. सासऱ्याच्या घरात आई मुकी होती, पण जातं फिरू लागलं की तिला कंठ फुटायचा:

सासऱ्याच्या सावलीत ओठ माझे गं मिटले,
जात्याच्या कानामंदी गूज पोटीचं सुटले.

आता गावोगावी पिठाच्या गिरण्या. पोरींनी कुणाच्या कानात सांगायचं?

"अक्षता, पाळी चुकलीय का गं?"

पोरीचे डोळे भरले. "माहेरी आईनं सांगितलंय, तीन म्हैने भरल्याबिगर कुणाला बोलायचं न्हाय. नजर लागती. आत्तींना पण न्हाय सांगितलं मी."

"आणि आजऱ्याच्या डॉक्टरांनी विचारलं नाही?"

"मामंजीच बोलले त्यांच्यासंगं. मला काय विचारलंच न्हाय. पोटाला हातबी लावला न्हाय." ती घाबरून म्हणाली, "म्याडम, ह्या फोटोनं त्याला काय झालं असतं का?"

"एका स्कॅननं बहुतेक काही झालं नसतं. पण ज्याची गरजच नाही ते किरण तुझ्या पोटात का सोडायचे? कशासाठी?"

लघवीची साधी तपासणी. दोन रेघा उमटल्या.

सासूला सांगू का, असं विचारल्यावर अक्षतानं मान डोलावली, तेव्हा धोंडुबाईला आत बोलावलं. ती आधी सुनेवर खेकसली, "मला बी न्हाय सांगितलंस, भवाने!" मग तिच्याच डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "बाई, मग सोनोग्राफीच्या फोटोत बाळ तरी दाखवा की."

"तोही आज लागत नाही, मावशी. आधी बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडं न्या, सलाईन लागेल हिला. लागलाच तर त्या सांगतील फोटो."

बाहेर धोंडुबाईनं गणपतरावांना सांगितलं. त्यांनी चिठ्ठी परत घेऊन मुठीत चुरगाळली. "एवढा शिकलेला माणूस, अन् एक सवाल इचारला न्हाय! म्या तरी का बोलत सुटलो तिच्या बदली?"

जीप गेली. तासाभरात आजऱ्याच्या डॉक्टरांचा फोन; गणपतरावांनी वाटेतल्या बूथवरून त्यांना झाडलं होतं. विजयसिंह बोलले, ऐकलं, फोन ठेवला. मग भिंतीपाशी जाऊन त्यांनी तो कागद ओरबाडून काढला. "आजपासून त्याचे पेशंट समोर. झालं समाधान? ह्या कागदानं दुकान बसवलंस माझं!"

"दुकान!" संघप्रिया उसळली. "ती बाटली तिनं पुरती प्यायली असती ना, सर, तर बाळासकट तिचा फोटो काढून तुम्ही आत्ता पैसे मोजत असता. कागद काढा. जाळा हवा तर. मशीनसमोर मी बसते तोवर विचारल्याशिवाय फोटो निघणार नाही. नाहीतर तुम्ही बसा."

विजयसिंह डॉक्टर असले तरी त्यांना स्कॅन वाचता येत नव्हता. ते कागद टेबलावर टाकून आत गेले.

आकारामनं पुढची चिठ्ठी आणून दिली. कुरुंदवाडची बाई, पाठदुखी, सोबत नवरा आणि दीर. पुन्हा एकच ओळ. संघप्रियानं चिठ्ठी उलटून पाहिली आणि दार सताड उघडलं.

"बाई एकट्या आत या. बाकीची मंडळी बाहेर थांबा."