डावीकडचा दाब

विद्यापीठाच्या कला विभागाला देणगी देण्याचे पाच मार्ग आहेत, असे देणगी कक्षातील बाईंनी मला सांगितले: एकरकमी, दरमहा, शिष्यवृत्तीच्या रूपाने, मृत्युपत्राने आणि वस्तुरूपाने. मी पाचवा निवडला. माझ्या पत्नीचे छापयंत्र, ज्यावर ती धातूच्या पत्र्यावर कोरलेली चित्रे कागदावर उतरवीत असे, ते तिच्या मृत्यूनंतर आठ महिने घरातल्या तिच्या खोलीत पडून होते. त्या खोलीचे दार उघडायला माझा हात धजत नसे.

देण्यापूर्वी एकदाच ते उघडून मी यंत्र नीट केले. वरचा रूळ तिने डावीकडे मुद्दाम जास्त आवळला होता. त्यामुळे तिचे प्रत्येक चित्र डावीकडे गडद येई. मी काही बोललो, की ती म्हणे, "तुमचं मोजमाप घाला चुलीत. माझ्या चित्रात अंधार डावीकडूनच येतो." एकतीस वर्षे तंत्रनिकेतनात शिकवलेल्या माणसाला असे यंत्र दुसऱ्याच्या हाती देणे शोभेना. मी दोन्ही बाजू समान केल्या आणि अर्जावर सही केली. नव्वद दिवसांत दोष आढळल्यास वस्तू परत, असे त्यात कलम होते.

सत्तराव्या दिवशी विभागाच्या मिस्त्रीचा फोन आला. तो माझाच जुना विद्यार्थी.

"सर, यंत्र डावीकडे काळं छापतंय. कुणीही फिरवा, तेच."

"कुणीतरी स्क्रू आवळला असेल."

"तुमचा स्क्रू? त्याला पहिलवान लागेल. इथल्या पोरांना बाटलीचं झाकण निघत नाही."

मी गेलो. पट्ट्यांच्या गेजने रुळाखालची दोन्हीकडची फट मोजली. केसाचाही फरक नव्हता. पत्रा उलटा फिरवून ठेवला, कागद बदलला, वरचे लोकरी कापड बदलले, फिरवणारी माणसेही बदलली. प्रत्येक वेळी डावी बाजू गडद आली. दिवा लावायच्या आधी खोलीत उतरते तशी सावली.

मग मी स्वतः यंत्र फिरवायची मूठ धरली. अर्ध्यापर्यंत ती नेहमीसारखी जड होती. तिथून पुढे एकाएकी हलकी झाली, जणू पलीकडून कुणी भार उचलला. मी थांबलो. मिस्त्री दूर नळाखाली हात धूत होता.

विभागप्रमुख बाई कागद घेऊन आल्या. "काका, दोष असेल तर 'सदोष' लिहा, उद्याच यंत्र घरी पोचवतो. नसेल तर 'निर्दोष' लिहा, मग ते कायमचं आमचं."

त्या गेल्यावर मिस्त्री हात पुसत जवळ आला. "लिहून टाका सदोष. इथं गेज वाचतंय कोण?"

"तू वाचतोस. मीच शिकवलंय."

"आज चष्मा विसरलोय म्हणेन."

एका शब्दाचे काम होते. यंत्र घरी आले असते आणि त्याच्यासोबत ती. पण कुठे आली असती? ज्या खोलीचे दार मी उघडत नाही, तिथे. तिच्या माघारी एकदा मी तिला सुधारू पाहिले होते. आता खोटे मोजमाप लिहून तिला कोंडून ठेवणार होतो.

मी दोन्ही आकडे लिहिले, समान. खाली 'निर्दोष'. शेऱ्यात लिहिले: छाप डावीकडे गडद येईल. दुरुस्त करू नये.

परत आलेल्या बाईंनी ते दोनदा वाचले. "काका, ही अट आहे का? मग समितीकडे पाठवावं लागेल."

"अट नाही. विनंती आहे."

त्यांनी सही केली. मिस्त्रीने नवा कागद घातला आणि माझ्याकडे पाहिले. माझा हात पुन्हा मुठीवर गेला होता. मी धरले होते त्याच्या वीतभर पुढचे लोखंडही ऊबदार लागत होते.

"सर, सावकाश," तो म्हणाला. "घाई नाही."

काही वेळाने मी हात काढला.