परतीचं तिकीट रविवारचं होतं

माझ्या मावशीने साठी उलटल्यावर लग्न केलं, तेव्हा घरात दोनच माणसं मनापासून खूश होती. एक ती आणि दुसरे मास्तर. मीही खूश होते, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. मावशीचं बायकांचं पार्लर होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यात घालवल्यावर एक दिवस तिने गाडी शिकायचं मनावर घेतलं. परीक्षेत दोनदा आपटली. तिसऱ्या वेळी पास झाली, तोवर मास्तरांना तिच्या शेजारी बसायची सवय लागून गेली होती. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मावशी तर आयुष्यभर एकटीच. दोघं एकमेकांना आजही ‘अहो-जाहो’च करतात.

मास्तरांचा मुलगा लग्नाला आला, पण जेवला नाही. मावशी समोर बसलेली असली तरी तो वडिलांनाच विचारायचा, “त्यांना चहा हवाय का?”

लग्नानंतर मावशीने एकच हट्ट धरला, परदेश बघायचा. तिने तळ्याकाठचं एक छोटं गाव निवडलं. मोठ्या शहरात मास्तर रस्ते बघायचे सोडून लोकांच्या गाड्यांना नावं ठेवत बसले असते. शनिवारी जायचं, पुढच्या रविवारी परतायचं. बॅगेत तिने कात्री-कंगव्याची पेटीही भरली. मास्तरांचे केस वाढले होते, आणि त्यांचं डोकं परक्या न्हाव्याच्या हाती द्यायला ती तयार नव्हती.

मी बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर बसते. त्या आठवड्यात निवडणुकीचा निकाल होता, म्हणून मी जरा धास्तावलेच होते. पण असा निकाल लागेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. सोमवारी कळलं की बहुमत कुणालाच नाही. दुपारी अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. बाहेरच्या बड्या गुंतवणूकदारांना अशा गोष्टींचा वास लगेच येतो. आपल्याकडे गुंतवलेला पैसा ते काढून घेऊ लागले, म्हणजे आपल्या नोटा विकून परकं चलन मागू लागले. मागणारे वाढले की भाव चढतो, मग ती भाजी असो की चलन. माझ्या मागच्या बोर्डावरचा आकडा संध्याकाळपर्यंत इतक्यांदा बदलला की मी मान वळवायची सोडून दिली. मंगळवारी सरकारने तिजोरी वाचवायला नवा हुकूम काढला. परदेशात कार्डावर आठवड्याला ठरावीक रक्कमच निघणार. ती रक्कम अशी, की दोघांनी कॉफी प्यावी आणि तिसऱ्याने बघत बसावं.

मावशी आणि मास्तर निम्मे पैसे इथून बदलून घेऊन गेले होते. उरलेले तिथे कार्डावर काढायचे होते. मंगळवारी मशीनने त्यांना दोन नोटा दिल्या आणि मग काखा वर केल्या.

पुढचं सगळं मला मावशीने सांगितलं, मास्तरांनी अधूनमधून मान डोलावली.

मास्तरांच्या पाकिटात आपल्या नोटा होत्या. त्या बदलायला दोघं स्टेशनजवळच्या खिडकीवर गेली. आतल्या माणसाने बोर्डावरच्या आपल्या देशाच्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. त्याने नोटा बोटाच्या टोकाने परत सरकवल्या, एखाद्या ओल्या वस्तूला हात लावावा तशा. मास्तरांना थोडीफार इंग्रजी येते. त्यांनी कारण विचारलं. तो म्हणाला की आज घेतलेली नोट उद्या किती पडलेली असेल याचा भरवसा नाही, तुमच्या सरकारला विचारा.

मास्तरांनी नोटा गोळा केल्या. मावशी मात्र जागची हलली नाही. तिने मास्तरांना सांगितलं, “त्याला सांगा, सरकार त्याच्या खिडकीवर आलेलं नाही, मी आलेय. नोटा घेऊ नकोस, पण हातात नीट दे.”

मास्तरांनी ते कसंबसं इंग्रजीत बसवलं. मागे रांग लागली होती. मावशीने नोटा परत खिडकीत ठेवल्या आणि हात पुढे करून उभी राहिली. शेवटी त्या माणसाने त्या उचलल्या, एकावर एक नीट लावल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या. पैसे काही मिळाले नाहीत. पण मावशी सांगते की त्या वेळेपुरतं तिला मिळायचं ते मिळालं.

खरी पंचाईत पुढे होती. ज्या घरात ते उतरले होते, त्या घराच्या मालकिणीला बातमी कळली होती. बाई वाईट नव्हती, पण तिने बुधवारनंतरच्या खोलीचे पैसे आधी मागितले. आणि त्याच दुपारी मास्तरांच्या मुलाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. गुरुवारच्या विमानाची दोन तिकिटं तो स्वतःच्या खर्चाने काढत होता. तो म्हणाला, “बाबा, त्यांचे हट्ट पुरवायची ही वेळ नाही. या वयात लोकांकडे हात पसरत फिरणार का? मी तेव्हाच सांगत होतो.”

‘तेव्हाच’ म्हणजे केव्हा, हे तिघांनाही माहीत होतं.

मास्तर म्हणाले, “बघतो, कळवतो.”

फोन ठेवल्यावर त्यांचं पहिलं भांडण झालं. मास्तरांचं म्हणणं, पोरगा चुकीचं काय बोलतोय? बायकोला परदेशात आणून उपाशी ठेवणारा नवरा व्हायची त्यांना लाज वाटत होती. मावशी म्हणाली की भूक लागली तर ती स्वतः सांगेल, तिला तोंड आहे. मंत्र्याने राजीनामा दिला म्हणून आपण खोली सोडायची, आणि कोणी स्वतःचा पैसा काढून घेतला म्हणून आपण तळं बघायचं सोडायचं, हे तिला पटत नव्हतं. मास्तर चिडून म्हणाले की पटण्याचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. त्यावर मावशी म्हणाली, “तो विमानाचं तिकीट काढत नाहीये, मास्तर. लग्न चुकलं, अशी पावती फाडतोय. तुम्हाला ती घ्यायची असेल तर एकटे जा. माझं तिकीट रविवारचं आहे.”

आणि ती पेटी घेऊन खाली स्वयंपाकघरात गेली.

मालकिणीचे केस मुळापाशी पांढरे, मध्ये विटकरी आणि टोकाला पिवळे होते. पहिल्या दिवसापासून ते मावशीच्या डोळ्यांत खुपत होते. तिने पेटी टेबलावर उघडून ठेवली, त्या बाईच्या केसांकडे बोट दाखवलं आणि मग वर, खोलीच्या दिशेने. भाषा एक नव्हती, पण बाईला बरोबर कळलं. ती आधी हसली, मग आरशात बघितलं, मग हसायची थांबली. गावातल्या दुकानातून रंगाची ट्यूब आणली आणि खुर्चीत बसली.

तासा-दोन तासांनी मास्तर खाली आले तेव्हा मालकीण डोकं इकडेतिकडे वळवून स्वतःला न्याहाळत होती. तिने खोलीचं आगाऊ भाडं मागायचं सोडलंच, शिवाय फोन करून बहिणीला बोलावलं. ही बहीण बायकांच्या गायनाच्या मंडळात होती आणि शनिवारी त्यांचा टाऊन हॉलमध्ये कार्यक्रम होता. बहिणीने मैत्रिणीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात बायका खुर्च्या घेऊन बसल्या. कोणी पाव आणला, कोणी अंडी, एकीने तर पातेलंभर सूप. मावशीने रोख पैसे घेतले नाहीत. पाहुणी म्हणून आलेय, दुकान मांडून बसलेली नाही, असं मास्तरांकडून सगळ्यांना कळवलं.

मास्तर पहिला अर्धा दिवस बाकावर तोंड पाडून बसले होते. मावशीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. जमिनीवर केसांचा ढीग साचला आणि एका बाईचा पाय त्यावरून सरकला. तेव्हा मास्तर उठले, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि झाडायला लागले. काटकोनात, कडेकडेने, गाडी पार्क करावी तसं.

झाडत असतानाच मुलाचा फोन आला. तिकिटं काढली होती, फक्त पासपोर्टचे नंबर हवे होते. मास्तरांनी झाडू काखेत धरला. बायका ओळी गुणगुणत होत्या, त्यामुळे त्यांना आवाज चढवावा लागला.

“तिकिटं रद्द कर,” ते म्हणाले. “आम्ही रविवारी येतोय. आणि हे बघ, तिचं नाव ‘त्या’ नाही. आई म्हणू नकोस, मावशी म्हण, काकू म्हण, नावाने हाक मार. पण पुढच्या वेळी तिच्याबद्दल बोलायचं असेल तर तिच्याशी बोल. देऊ का फोन?”

पलीकडून फोन कट झाला. मास्तरांनी तो खिशात टाकला आणि उरलेला कोपरा झाडला. मावशीने एवढंच विचारलं, की तुमच्या डोक्याचं काय करायचं? मग शेवटच्या बाईनंतर खुर्चीत मास्तर बसले.

शनिवारी टाऊन हॉलमध्ये दोघांना पुढच्या रांगेत जागा होती. गाणं कळलं नाही, पण मावशीने सगळी डोकी मागून-पुढून तपासली आणि दुसऱ्या रांगेतल्या एकीची बट सुटली म्हणून तिचा जीव खालीवर होत राहिला. तळ्याला बोटीतून चक्कर मारायची राहून गेली. तेवढे पैसे नव्हतेच. त्याचं तिला अजून वाईट वाटतं, ते ती लपवत नाही.

रविवारी विमानतळावर त्यांना घ्यायला मीच गेले. मुलगा आला नाही. नंतरही बरेच महिने तो मास्तरांशी कामापुरतंच बोलायचा. अलीकडे सून मावशीकडे केस कापायला येते. तो खाली गाडीत बसून राहतो. मावशी वरून चहा पाठवते. कप रिकामा परत येतो. एवढ्यावर सध्या गाडी अडली आहे.

चलनाचं म्हणाल, तर तीन पक्षांनी मिळून सरकार बनवलं, मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवले आणि आपला पैसा थोडा सावरला. कार्डावरची मर्यादाही उठली. पूर्वीइतका भाव मात्र परत आला नाही. गेल्या आठवड्यात मावशी आणि मास्तर परत परदेशी जायचं म्हणून माझ्या काउंटरवर आले. आमचे मॅनेजर ओळखीचे, ते आपुलकीने म्हणाले की यंदा थांबा, पुन्हा पोटनिवडणुका आहेत, आपल्या पैशाचा भाव पडायची चिन्हं आहेत.

मावशीने ऐकून घेतलं. “पडू दे,” ती म्हणाली. “तो पडायचा थांबेल तोवर आमचे गुडघे पडतील.” मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, की बोटीच्या चकरेला किती लागतात, तेवढे तरी आधी बदलून दे.