दोन शतांशांची तफावत

समुद्र मोजायच्या सरकारी खात्यात मी पस्तीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात ज्या थापा मारल्या, त्या एका जहाजात मावणार नाहीत. देवमाशाने माझा जेवणाचा डबा पळवला आणि दुसऱ्या दिवशी विसळून परत आणून दिला, ही त्यातली लहान. पण आता सांगतो ते घडलेलं आहे.

तेव्हा खोल पाण्याचं तापमान घ्यायला पितळी नळ्या तारेला बांधून खाली सोडत. मग तारेवरून एक वजन घसरत सोडायचं. ते आपटलं की नळी उलटी व्हायची आणि आतल्या थर्मामीटरचा पारा तिथल्याच आकड्यावर तुटून अडकायचा. नळी वर आली की दोघांनी भिंगातून आकडा वाचायचा. आपापल्या वहीत, एकमेकांना न दाखवता. खात्याच्या मोठ्या साहेबांचा हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. समुद्रातली एकच जागा ते बावीस वर्षं दर महिन्याला मोजवून घेत होते.

त्या फेरीत माझा जोडीदार उलट्या करून आडवा पडला होता. चारशे मीटरवरचा आकडा पाहून मी चक्रावलो. नेहमीपेक्षा सव्वा अंश जास्त! दुसरे डोळे हवेत म्हणून मी आचाऱ्यालाच ओढून आणलं. पिठाचे हात पुसत तो आला, भिंगाला डोळा लावून बराच वेळ बसला आणि शिधा लिहायच्या वहीत आकडा टिपला. मी डोकावलो तर वही छातीशी धरून म्हणाला, "नियम तुमचाच ना, साहेब?"

किनाऱ्यावर मोठ्या साहेबांनी आधी आकडा पाहिला, मग मला. माझी कीर्ती त्यांच्या कानावर होतीच. म्हणाले, तुला रंगवल्याशिवाय चैन पडत नाही. हा आकडा रंगवलेला निघाला तर जहाजावर पुन्हा पाय ठेवायचा नाही, जन्मभर टेबलाशी बसून नकाशे रंगव. समुद्राशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं.

आचाऱ्याला वहीसकट बोलावलं. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. माझा आकडा ९.४७, त्याचा ९.४५. संपलं, असं मला वाटलं. आचाऱ्याने सरळ सांगितलं, मला दिसलं ते लिहिलं, या साहेबांचं त्यांना ठाऊक.

मोठे साहेब दोन्ही वह्यांवर वाकले.

"तंतोतंत जुळले असते तर दोघांनाही हाकललं असतं," ते म्हणाले. "संगनमताने थाप मारणारे मध्ये दोन शतांश सोडत नाहीत."

त्यांनी दोन्ही आकडे मोठ्या नोंदवहीत स्वतःच्या हाताने उतरवले आणि दुसरा वाचक म्हणून पुढे लिहिलं: आचारी.

पुढच्या फेरीला हा गडी आपणहून भिंग मागायला आला. जोडीदार आता धडधाकट होता, पण माणूस असा तयार झालेला सोडायचा कसा? मी जोडीदाराला चुलीपाशी बसवलं. त्याच्या हातचं ते जेवण आठवलं की अजून पोटात कळ येते. आणि तरी पुन्हा त्या जहाजावर जेवायला बोलावलं, तर मी आत्ता चपला घालून निघेन.