ना होडी, ना बर्फ

लोगेन नदी ना धड वाहत होती, ना धड गोठली होती, आणि नावाडी एंब्रिकला घरात बसवत नव्हतं. दर नोव्हेंबरात हेच. होडी काढावी तर बर्फ आडवा येतो, चालत जावं तर तोच पायाखाली खचतो. अशाच दिवसांत त्याचे आजोबा चार उतारूंसकट बुडाले होते. तेव्हापासून इथल्या होडीचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. नदी पुरती गोठेपर्यंत होडी बंद, मग समोर पाद्रीबुवा असोत की सरकारी साहेब. एंब्रिकच्या बापानं तो कधी मोडला नाही, एंब्रिकनंही नाही.

काल सुईण गुन्वोर आली होती. पलीकडे तिची आई शेवटच्या घटका मोजत होती. एंब्रिकनं नकारार्थी मान हलवली. ती अंधार पडेपर्यंत काठावर उभी राहिली आणि निमूट घरी गेली. आज सकाळी पलीकडच्या चर्चची घंटा संथ वाजली, तेव्हा गावाला काय ते कळलं.

दुपारी पलीकडून हाक आली. त्याचा जावई तार्ये घसा फोडून ओरडत होता.

"बाबा, बिर्गिट अडलीये. सुईणबाईंना घेऊन या."

एंब्रिकनं काठावर चार येरझाऱ्या घातल्या. पोटच्या पोरीपुढे कसला नियम नि कसलं काय. पण सुईणीच्या दारात उभं राहायचं कोणत्या तोंडानं? त्याला स्वतःची लाज वाटली. तरी तो गेला.

दार उघडलं तेव्हा तिच्या हातात पिशवी तयार होती. हाक तिनंही ऐकली होती.

"गुन्वोर, काल मी..."

"चल आधी. बोलत बसलास तर उजेड जाईल."

ती पुढे बसून लांब, जाड काठीनं बर्फ फोडत होती, तो मागून वल्ही मारत होता. होडी करकरत सरकत होती. त्याला तिची फक्त पाठ दिसत होती आणि तीही बघवत नव्हती. अखेर तार्येनं दोर पकडून होडी काठाला ओढली.

गुन्वोर उतरली, पण लगेच निघाली नाही.

"एक सांग एंब्रिक. काल बर्फ याहून जाड होता?"

थाप मारणं सोपं होतं.

"नाही," तो म्हणाला. "पातळ होता."

"म्हणजे होडी आली असती."

"आली असती."

गुन्वोरनं पिशवी खांद्याला लावली.

"आधी तुझ्या पोरीकडे जाते," ती म्हणाली. "माझ्या आईला आता घाई नाही."