ताडपत्रीवरचे ऊन

मी एक जुनी सोलर प्लेट आहे. नदीकाठच्या पंपघराच्या गच्चीवर चार लोखंडी पायांवर उभी असते. वारा, धूळ, पाखरांची शीट, सगळे निमूटपणे सोसते आणि उन्हाकडे तोंड करून असते. माझी गोष्ट फारशी आनंदाची नाही, मित्रांनो, पण ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काळ्या पातळ चकत्या तारांनी जोडून काचेखाली बसवल्या, भट्टीत तापवून पक्क्या केल्या आणि प्रखर दिव्यापुढे उभे करून माझी परीक्षा घेतली. मी पास झाले. आपण एखाद्या बंगल्यावर जाणार, पंखे फिरवणार, थंडगार पाणी पाजणार, अशी स्वप्ने मी खोक्यात पडल्या पडल्या पाहिली. माझ्या वाट्याला आला मात्र एक भोंगा!

त्यालाही कारण होते. पाऊस पूर्वीसारखा राहिला नव्हता. महिन्याभराचा पाऊस एका दुपारी कोसळायचा आणि भर उन्हाळ्यात गारा पडायच्या. एका पुरात विजेचे खांबच आडवे झाले, आणि पुराची सूचना देणारा भोंगा ऐन वेळी मुका राहिला. म्हणून मला आणले. नदीत वरच्या अंगाला एक खांब आहे. पाणी त्याच्या लाल पट्टीला लागले की भोंगा वाजतो. मी दिवसभर ऊन खायचे, बॅटरीचे पोट भरायचे, आणि त्या जोरावर खांब व भोंगा जागे राहायचे.

मला बसवणारा कारागीर जाताना म्हणाला, "हिला जपा. ही फुटली की भोंगा बंद."

पंप चालवणाऱ्या दादांनी ते वाक्य मनात कोरून ठेवले. दादा मुळातच जपणारे. त्यांच्या घरी टीव्हीच्या रिमोटवरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा अजून निघालेली नव्हती. रोज सकाळी ते मऊ फडक्याने माझी काच पुसत. त्यांची धाकटी बहीण खालच्या आळीत राहायची, घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. जाता येता ती गच्चीवर डोकवायची आणि भावाची फिरकी घ्यायची.

"दादा, वहिनीकडे तरी कधी एवढं निरखून बघितलंस का रे?"

"चेष्टा पुरे. हिच्या जिवावर तू निवांत झोपतेस."

"झोपतेच मुळी! माझ्या दादाचा भोंगा आहे, मला कसली काळजी?"

आणि तसेच झाले. पहिल्याच पुरात भोंगा वाजला, खालची आळी वेळेवर रिकामी झाली. माझे फोटो काढले, दादांचा सत्कार झाला. खरे सांगते, मी हुरळून गेले होते.

पुढे एका उन्हाळ्यात नदीपलीकडच्या शाळेवरच्या माझ्या बहिणींचा गारांनी चुरा केला. दादांनी धसका घेतला. त्यांनी जाड ताडपत्री आणली. गारांचा इशारा आला की ते मला आणि माझ्याजवळच्या बॅटरीच्या पेटीला झाकायचे, दोरीने आवळायचे आणि आभाळ निवळले की सोडायचे. त्या वर्षी मात्र इशाऱ्यांवर इशारे आले. आज गारा, परवा पुन्हा गारा.

"रोज काय सोडायची नि बांधायची," दादा स्वतःशीच म्हणाले. "असू दे झाकलेली."

गारा काही पडल्या नाहीत. ऊन पडले. आठवडाभर कडक ऊन त्या ताडपत्रीवर पडत राहिले आणि खाली मी अंधारात उपाशी होते. बॅटरी रिकामी होत गेली. पेटीवरचा लाल दिवा लागला, पण पेटीही झाकलेली. तो पाहणार कोण? मला ओरडता आले असते तर!

मग ती दुपार आली. आमच्याकडे ढगाचा ठिपका नव्हता, आणि दूर डोंगरात आभाळ फाटले होते. मला दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. आधी लांबून घुमणारा आवाज, मग दगड गडगडल्यासारखा. पाणी लाल पट्टीला लागले असणार, कारण भोंगा जरासा घरघरला. तेवढेच. मग माणसांच्या किंकाळ्या आल्या.

दादा धापा टाकत वर आले. त्यांनी भोंग्याचे बटण दाबले, पुन्हा पुन्हा दाबले. मग कोयत्याने दोरी कापून ताडपत्री ओढली. ऊन धाडकन माझ्या अंगावर आले. पण रिकामे पोट क्षणात भरत नाही, मित्रांनो. दादांनी आणि मी गच्चीवरून खालची आळी पाहिली. पाणी छपरांना टेकले होते.

बुडालेल्यांत दादांची बहीण होती. शेजारीण तिला ओढायला गेली होती. पण बहीण शिलाई मशीनवरून उठलीच नाही. म्हणाली, "भोंगा कुठं वाजलाय? दादा असताना पाणी न सांगता येत नाही."

पाणी ओसरल्यावर पंपघराच्या अंगणात सभा भरली. तालुक्याहून आलेले साहेब म्हणाले, "या सोलरचा भरवसा नाही. काढून टाका. डिझेलचं यंत्र बसवू." लोकांनी माना डोलावल्या. पाना घेऊन एक जण जिना चढू लागला. दादा गप्प बसले असते, तर सगळा दोष माझ्यावर गेला असता आणि त्यांना कोणी एक शब्द विचारला नसता.

दादा उठले. "तिचा दोष नाही. ऊन होतं. मीच झाकून ठेवली होती."

गर्दीतून त्यांचे मेहुणे, त्या बहिणीचे यजमान, पुढे आले. ते ओरडले नाहीत. "झाकली कशाला, दादा?"

"गारांनी फुटली असती."

"फुटली असती तर दुसरी आणली असती," मेहुणे म्हणाले. "हिला आता कुठून आणू?"

पाना घेतलेला माणूस खाली उतरला.

पुढच्या हंगामात गारा खरोखरच आल्या. दादा अंगणात भिंतीला टेकून उभे राहिले, वर आले नाहीत. एकेक गार माझ्यावर आपटत होती आणि ते डोळे मिटून घेत होते. माझी काच तडकली. त्याच पावसात नदी चढली आणि भोंगा वाजला. माणसे पोरांना काखोटीला मारून वर धावली. दादा मात्र नदीकडे तोंड करून मोठमोठ्याने रडत होते.

आता तड्यांतून ओल शिरते. मी अर्धीमुर्धीच वीज देते. लवकरच माझ्या जागी नवी प्लेट येईल. मित्रांनो, तिला रोज पुसा. तिच्यावर फांदीची सावली पडू देऊ नका. पण ती महागाची आहे, नाजूक आहे, म्हणून तिला झाकून ठेवू नका. गारा आल्या तर येऊ द्यात. तिला फुटू द्या.