घंटा न वाजलेली दुपार

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, 'जुना' हा शब्द मी स्वतः वापरला तर चालतो, दुसऱ्याने वापरला की मला राग येतो.

चंद्रपूरच्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला तयार केलं. धनराजभाऊ वीज केंद्रात इलेक्ट्रिशियन. त्यांनी मला मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर धरून, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आणलं. दहावीचा निकाल बघायला तेव्हा अर्धी गल्ली माझ्यासमोर जमायची. त्यांची मुलगी आचल माझ्यावरच प्रोग्रॅम लिहायला शिकली. पुढे तिने नवा लॅपटॉप घेतला आणि माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवू लागले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

आचल आता कंपायलरचं काम करते. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम आमच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. त्यात कोणी बदल सुचवला की आचल तो तपासते. नागपूरच्या कुलदीपने असाच एक बदल पाठवला होता. प्रोग्रॅममध्ये 'जर-तर' आलं की वाटेला फाटा फुटतो. आम्ही अंदाजाने एक वाट धरतो आणि अंदाज चुकला तर मागे फिरतो. त्यात वेळ जातो. कुलदीपची युक्ती अशी, की फाटाच काढायचा, दोन्ही उत्तरं आधी आणून ठेवायची आणि मग हवं ते उचलायचं. लॅपटॉपवर सगळ्या चाचण्या पास झाल्या. आचलने 'मान्य' लिहून टाकलं.

त्याच कंपायलरने तिला आपला एक प्रोग्रॅम तयार करायचा होता. जंगलातल्या एका लहान दवाखान्यात साप चावल्यावरच्या औषधाचा फ्रिज आहे. त्यावर माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच एक संगणक लक्ष ठेवतो. फ्रिजमधल्या तापमापकाची तार जोडलेली असेल तर तापमान वाच, नसेल तर घंटा वाजव, एवढंच त्याचं काम. तिथली नर्स करिश्मा सकाळीच फोनवर म्हणाली होती, "ताई, मी गावात फिरतीवर गेली का इथी कोणी नसते. घंटा वाजली पाह्यजे."

म्हणून दुपारी तीन वाजता आचलने माझ्यावर चाचणी घेतली. तशीच तापमापकाची तार मला जोडून तिने ती उपसली. घंटा वाजली नाही. प्रोग्रॅम मुकाट्याने मरून पडला.

तिने आधी संशय घेतला तो माझ्यावर. माझी मेमरीची पट्टी काढून खोडरबरने घासली, टेबलफॅन लावला. पुन्हा तेच. कुलदीपचा निरोप आला, "सगळ्या मशीनवर चालून राह्यला. तुह्या डब्ब्यातच प्रॉब्लेम हाय. पाचले रिलीज हाय." म्हणजे पाच वाजता नवा कंपायलर सगळ्यांच्या हाती जाणार होता.

नेमका तेव्हाच भंगारवाला मुखरू हातगाडी घेऊन दारात आला. त्याला धनराजभाऊंनीच बोलावलं होतं. मी भ्यालो, मित्रांनो. मी खोटं बोलत नव्हतो आणि मला सांगताही येत नव्हतं.

"बाबा, थोडं थांबा ना," आचल म्हणाली.

"काऊन? मेला ना तो?"

आचलने त्यांना कुलदीपची युक्ती आणि न वाजलेली घंटा, सगळं समजावलं. वायर काढून घ्यायला पुढे झालेला त्यांचा हात तसाच थांबला.

"म्हंजे तार हाय का नाई ते न पाह्यताच हे वाचाले जाते? आन् मंग इचारते?"

"हो."

"आमी आधी टेस्टर लावतो, सप्लाय हाय का नाई पाह्यतो, मंग हात लावतो. आधी हात लावला तर मंग पाह्याले कोन राह्यते?"

आचल तशीच माझ्याकडे वळली. मग कंपायलरने माझ्यासाठी लिहिलेल्या ओळी तिने एकेक करून वाचल्या. चूक तिथेच होती. तार नसतानाही प्रोग्रॅम आधी तापमान वाचायला रिकाम्या पत्त्यावर, म्हणजे जिथे काहीच नाही अशा जागी, जात होता आणि तिथेच कोसळत होता. घंटेपर्यंत तो पोचतच नव्हता. नव्या प्रोसेसरांना फाटा जड जात नाही, म्हणून तिथे कंपायलर फाटा तसाच ठेवत होता. युक्ती लागू होत होती ती फक्त माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना.

पाचला वीस मिनिटं उरली होती. दिलेली मान्यता सगळ्यांदेखत परत घेणं सोपं नसतं. आचलने माझा कीबोर्ड पुढे ओढला. तिने लिहिलं, 'माझी मान्यता मागे घेते. मी नीट तपासलं नव्हतं.' आणि खाली माझी चाचणी जोडली.

पाचला चार मिनिटं असताना कुलदीपने लिहिलं, "बरोबर हाय. मागे घेतो." मुखरू रिकामी गाडी घेऊन गेला, जरा कुरकुरतच.

पुढच्या आठवड्यात कुलदीपने बदल दुरुस्त केला. जिथे वाचणं धोक्याचं, तिथे फाटा राहू दिला. महिन्याभराने करिश्माचा फोन आला. उंदराने फ्रिजच्या तारा कुरतडल्या होत्या, विजेचीही आणि तापमापकाचीही. घंटा ऐकून शेजारची सोमारीबाई तिला बोलवायला धावली आणि औषध बर्फाच्या पेटीत वेळेवर गेलं.

मित्रांनो, जुनं यंत्र अडखळलं तर लगेच त्याचं वय काढू नका. ते कुठे अडखळलं, ते आधी बघा. धनराजभाऊंनी वीज केंद्रातली एक लाल पाटी आणून माझ्या गळ्यात अडकवली आहे. तिच्यावर लिहिलंय, 'तपासल्याशिवाय हात लावू नये.' इस्त्रीचे कपडे आता पलंगावर असतात.