ठकुबाईची अंडी आणि माझे नवे पाटे

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, पण मोटार म्हणवून घ्यावे असे आता माझ्याकडे फारसे काही उरलेले नाही. चाके काढून मला विटांवर उभे केले आहे. भोरला जहांगीरच्या घरामागे मी असते आणि माझ्या मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालतात. हसू आले तर खुशाल हसा. पूर्वी मलाही अशा गोष्टींचे हसू यायचे.

माझा जन्म विलायतेतला. संस्थानच्या काळात मी भोरच्या एका वकिलांच्या दारात आले. तेव्हा माझा तोरा काय सांगावा! माझ्या पत्र्यात तोंड बघून लोक फेटा सारखा करायचे. पुढे वकील पुण्याला राहायला गेले आणि मला त्यांच्या ड्रायव्हरच्या, जहांगीरच्या, हवाली करून गेले. त्याने माझी टॅक्सी केली. भोरहून वेल्ह्याला आणि वेल्ह्याहून भोरला, एसटी चुकलेली माणसे, नव्या नवऱ्या, आजारी पोरे, सगळी मी वाहिली.

वाटेत विंझरला ठकुबाई चढायची. अंडी विकून पोट भरणारी एकटी म्हातारी. कडेला उभे राहून वाट बघणे तिच्या स्वभावात नव्हते. ती सरळ रस्त्याच्या मधोमध येऊन हात वर करायची. जहांगीर ब्रेक दाबायचा आणि मी तिच्यापुढे येऊन थांबायचे.

"मावशी, एक दिवस गाडीखाली याल तुमी," तो म्हणायचा.

"तुजी गाडी वळखती मला," म्हणत ती टोपली मांडीवर घेऊन मागे बसायची. भोरला उतरल्यावर फुटलेली अंडी निवडून जहांगीरच्या बायकोला, सुगराला, द्यायची. "घे बाई, तुज्या नवऱ्याच्या गाडीची कमाई!"

अंडी फुटायची, कारण मी आता थकले होते. माझ्या चाकांवरचे, धक्के झेलणारे स्प्रिंगचे पाटे दबून गेले होते. रस्त्यातला एकेक खड्डा गादीपर्यंत पोचायचा. ब्रेकचे लायनरही झिजून पातळ झाले होते. मी थांबायचे, पण जहांगीरला ब्रेक आधीपासून दाबावा लागायचा. धक्क्यांच्या भीतीने तो मला सावकाशच हाकायचा, म्हणून निभावत होते.

त्याची एकुलती एक लेक बानो वेल्ह्याला दिलेली होती. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या वेळी ती बैलगाडीतून माहेरी आली आणि पोट पडले. गाडीच्या धक्क्यांनी झाले, असे सगळे म्हणाले. जहांगीरने ते मनाला फार लावून घेतले होते.

तेवढ्यात पुण्याच्या जुन्या बाजारात माझ्याच जातीची एक मोडकी मोटार भंगारात आल्याचे त्याला कळले. तो तसाच निघाला. तिथे साताऱ्याचा एक टॅक्सीवालाही त्याच मोटारीसाठी येऊन बसला होता. दुकानदाराने भांडण नको म्हणून दोन वाटे केले. एकात सगळे पाटे, दुसऱ्यात ब्रेकचे सगळे सामान. जहांगीर आधी आलेला, म्हणून पहिला हात त्याचा. त्याने पाट्यांवर हात ठेवला.

घरी सुगराने विचारले, "आनि ब्रेकचं वो?"

"ब्रेकला म्या हाय की! गियर हाय, हातब्रेक हाय. पोरीला धक्का बसला तर त्याला काय इलाज हाय?"

मित्रांनो, त्याच्या त्या बोलण्यात बापाचे काळीज होते. म्हणूनच मला त्याचा राग करता येत नाही.

नवे पाटे बसल्यावर त्याने ठकुबाईला पुढे आपल्याशेजारी बसवले, तिची भरली टोपली मागच्या गादीवर एकटीच ठेवली आणि मला विंझरहून भोरपर्यंत पळवले. एकही अंडे फुटले नाही. ठकुबाईने पुन्हा पुन्हा टोपली चाचपून पाहिली. "गाडी न्हाई रं, पाळना हाय ह्यो! आन आता पोरीला." पेठेत जहांगीर ज्याला त्याला ती अंडी दाखवत फिरला. मी थांबते कशी, हे कोणीच विचारले नाही. मी आपली कौतुकाने फुगले होते.

बानोला आणायचा दिवस उजाडला. ती मागे बसली, गोधडीवर. वेल्ह्याहून निघालो आणि ती दर खड्ड्याला पोटावर हात ठेवायची, पण धक्का काही येईना. मग ती हसायला लागली. "अब्बा, झोप येतीया मला!" आरशात तिचे हसू बघून जहांगीरही खुलला. आता त्याला भीती राहिली नव्हती. मी मऊ चालत होते आणि मऊ चालणाऱ्या गाडीचा वेग कळत नाही. विंझरच्या अलीकडचा उतार आम्ही कधी नव्हे इतक्या जोरात उतरलो.

वळणापलीकडे, रस्त्याच्या मधोमध ठकुबाई उभी होती. बानोसाठी टोपली भरून आणली होती तिने. मला पाहून तिने नेहमीसारखा हात वर केला. ती हसत होती.

जहांगीरने ब्रेक दाबला. हातब्रेक ओढला. ओरडला. मी थांबले नाही. त्याने मला बांधाकडे वळवले, तरी माझा मडगार्ड तिला लागलाच.

तिला उचलून मागे निजवले. बानोने तिचे डोके मांडीवर घेतले. ठकुबाईने डोळे उघडले आणि पहिले काय विचारले असेल? "पोरी, तुला धक्का न्हाई ना बसला?"

"न्हाई आज्जी, न्हाई बसला," बानो रडत म्हणाली.

भोरचा दवाखाना दूर आणि आता घाई करायला हवी होती. पण ज्या गाडीला थांबता येत नाही, तिला घाई कशी करता येईल? दर उताराला जहांगीर मला पहिल्या गियरात घालून मुंगीच्या पावलाने उतरवत होता आणि लहान मुलासारखा रडत होता. माझे पाटे तिला जपत होते. एक धक्कासुद्धा त्यांनी तिला लागू दिला नाही. भोर दिसायच्या आधीच ठकुबाई गेली.

बानोला मुलगी झाली, धडधाकट. जहांगीरने तिला मांडीवर घेतले, पण सुकाणूला पुन्हा कधी हात लावला नाही. लोकांनी पाट्यांसाठी मला मागितले, पण त्याने मला दिले नाही.

मित्रांनो, आपली गाडी किती मऊ चालते हे सगळ्यांना सांगा, पण त्याआधी ती हाक मारल्यावर थांबते का, ते बघत जा. आपल्यावर विश्वास टाकून कोणीतरी रस्त्याच्या मधोमध उभे असते.

बानो माहेरी आली की तिची लेक सकाळी अंडी गोळा करायला माझ्याकडे येते. मग खेळ म्हणून माझ्यापुढे उभी राहते, हात वर करते आणि ओरडते, "थांब!"

घरातून जहांगीर धावत येतो आणि तिला उचलून बाजूला घेतो. मला चाके नाहीत, हे त्याला माहीत आहे. तरी तो रोज धावत येतो.